तत्त्वज्ञांची पंगत आणि सावध पेढीवाला : संगणकीय संसाधन-वाटपाच्या पाठ्यपुस्तकी मांडणीची चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकशास्त्राच्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'ऑपरेटिंग सिस्टिम' हा विषय अपरिहार्य मानला जातो. एका यंत्रावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, प्रिंटर ही साधने मात्र मोजकी असतात. ती कोणाला, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने द्यावयाची हे ठरविणे हे ऑपरेटिंग सिस्टिमचे एक मुख्य कार्य होय. अन्य विद्याशाखांतील अध्यापकांना हा विषय निव्वळ तांत्रिक वाटण्याचा संभव आहे. परंतु मर्यादित साधने आणि परस्परविरोधी मागण्या हा अर्थशास्त्राचा, राज्यशास्त्राचा आणि नीतिशास्त्राचाही मूलभूत प्रश्न आहे. संगणकशास्त्राने तो आपल्या परीने सोडविला आणि सोडविताना काही रूपककथा रचल्या. प्रस्तुत लेखात त्या रूपककथांचा आणि त्या ज्या पद्धतीने शिकविल्या जातात त्या पद्धतीचा चिकित्सक विचार करावयाचा आहे.

विवेचनासाठी प्रामुख्याने दोन ग्रंथ डोळ्यांसमोर आहेत. पहिला 'ऑपरेटिंग सिस्टिम कन्सेप्ट्स'. तो १९८३ साली पीटरसन आणि सिल्बरशात्झ यांच्या नावे प्रथम प्रसिद्ध झाला आणि पुढे सिल्बरशात्झ, गॅल्विन व गॅग्ने यांचा ग्रंथ म्हणून सर्वत्र रूढ झाला. दुसरा अँड्र्यू टॅनेनबॉम यांचा १९९२ सालचा 'मॉडर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स'. दोन्ही ग्रंथांची योग्यता वादातीत आहे. वाटप कसे करावे याचे तंत्र ते उत्तम रीतीने शिकवितात. मात्र वाटप करताना 'एक' म्हणून कोणाला मोजावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न ते जवळजवळ विचारीत नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तत्त्वज्ञांची पंगत

सर्वांत प्रसिद्ध रूपक जेवावयास बसलेल्या तत्त्वज्ञांचे. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी हा प्रश्न घातला, तेव्हा त्यात तत्त्वज्ञ नव्हते. टेप-ड्राइव्हसाठी स्पर्धा करणारे संगणक होते. तत्त्वज्ञांचा साज टोनी होअर यांनी चढविला. गोल मेजाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत, प्रत्येक दोघांमध्ये एक काटा आहे आणि जेवण्यास दोन काटे लागतात. प्रत्येकाने एकाच क्षणी डावीकडचा काटा उचलला तर उजवीकडचा कोणालाच मिळत नाही आणि पाचही जण कायमचे अडकतात. या अडकण्याला डेडलॉक म्हणतात; मराठीत 'कोंडी' हा शब्द त्यास चपखल बसतो. टॅनेनबॉम यांच्या पुस्तकात तत्त्वज्ञांपुढे स्पॅगेटी आहे, तर सिल्बरशात्झ प्रभृतींच्या पुस्तकात भात आणि चॉपस्टिक. उजव्या हाताने भात कालवून खाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला एका माणसास दोन काटे का लागावेत हेच आधी समजावून द्यावे लागते, ही गोष्ट वेगळी.

या कोंडीवरची प्रचलित उत्तरे पाहण्यासारखी आहेत. काट्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येकाने लहान क्रमांकाचा काटा आधी उचलावा, हे एक. एका वेळी चौघांनाच मेजावर बसू द्यावे, हे दुसरे. वाढपी नेमावा आणि त्याच्या अनुज्ञेशिवाय कोणी काटा उचलू नये, हे तिसरे. आपल्याकडील पंगत या तिसऱ्या मार्गानेच चालते. तिथे पात्र कोणापुढे आधी मांडावयाचे आणि भात कोणाला आधी वाढावयाचा, हे वाढपी ठरवितो. त्या क्रमामागे पिढ्यान्पिढ्यांचे मानपान असते आणि ते पंक्तीत बसलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातील वाढप्याला मात्र कोणतेही हितसंबंध नाहीत. तो येतो, कोंडी टाळतो आणि निघून जातो.

चंडी आणि मिश्रा यांनी १९८४ मध्ये मांडलेले उत्तर प्रस्तुत लेखकास सर्वांत अर्थपूर्ण वाटते, आणि वर्गात त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो. त्यांच्या योजनेत काटा स्वच्छ असतो किंवा उष्टा असतो. जेवण झाले की काटा उष्टा होतो. शेजाऱ्याने मागितल्यास उष्टा काटा धुऊन त्यास द्यावाच लागतो. स्वच्छ काटा मात्र आपले जेवण होईपर्यंत राखून ठेवता येतो. याचा अर्थ असा की, ज्याने अलीकडे उपभोग घेतला त्याचा हक्क मागे पडतो आणि जो थांबून राहिला त्याचा हक्क पुढे येतो. येथे वाढपी नाही. काट्याच्या उष्टेपणातच पूर्वीच्या उपभोगाची नोंद आहे. अन्य उत्तरे केवळ कोंडी फोडतात. हे उत्तर कोंडीबरोबरच पाळीचाही विचार करते.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण कोंडी नसतानाही अन्याय होऊ शकतो. एखाद्या तत्त्वज्ञाचे दोन्ही शेजारी आळीपाळीने जेवत राहिले, तर मधला कधीच जेवत नाही. मेज मात्र चालू असते. यास 'स्टार्व्हेशन', अर्थात उपासमार, अशी संज्ञा आहे. सिल्बरशात्झ प्रभृतींच्या ग्रंथात या संदर्भात एक ऐकीव गोष्ट येते. एमआयटीमधील आयबीएम ७०९४ हे यंत्र १९७३ मध्ये बंद करण्यात आले, तेव्हा १९६७ मध्ये दाखल केलेले कमी प्राधान्याचे एक काम अद्याप चालविलेच गेले नव्हते असे आढळले म्हणे. गोष्ट ऐकीव आहे हे ग्रंथकारच सांगतात. लगेचच ते 'एजिंग'चा उपाय देतात : जसजसा प्रतीक्षाकाळ वाढेल तसतसे प्राधान्य वाढवीत न्यावे. उपाय योग्यच आहे. परंतु सहा वर्षे ताटकळलेले ते काम कोणाचे होते आणि त्याला कमी प्राधान्य कोणी दिले, हा प्रश्न त्या परिच्छेदात उमटत नाही. गोष्ट गमतीची म्हणून येते आणि गमतीतच संपते.

सावध पेढीवाला

दुसरे रूपक बँकरचे, म्हणजे पेढीवाल्याचे. हेही डायक्स्ट्रा यांचेच. पुढे १९६९ मध्ये हाबरमान यांनी ते अनेक प्रकारच्या संसाधनांसाठी विस्तारले. पेढीवाल्याकडे ठरावीक भांडवल आहे. प्रत्येक ग्राहक आपली कमाल गरज आधीच जाहीर करतो, हप्त्याहप्त्याने कर्ज घेतो आणि संपूर्ण गरज भागली की काम आटोपून सर्व रक्कम परत करतो. पेढीवाला प्रत्येक मागणीच्या वेळी एकच गोष्ट तपासतो : ही रक्कम दिल्यावरही सर्व ग्राहकांची कामे कोणत्या ना कोणत्या क्रमाने पूर्ण होतील काय? तसा क्रम असेल तर स्थिती 'सुरक्षित' आणि रक्कम मंजूर. नसेल तर ग्राहकाने थांबावयाचे.

एक उदाहरण घेऊ. पेढीचे भांडवल १०. 'क' ची जाहीर गरज ८ असून त्याने ४ घेतले आहेत. 'ख' ची गरज ९, घेतले २. 'ग' ची गरज ३, घेतले २. शिल्लक २. ही स्थिती सुरक्षित आहे : आधी 'ग' चे काम, मग 'क' चे, मग 'ख' चे. आता 'क' ने आणखी १ मागितला तर तो मिळतो, कारण वरील क्रम तसाच टिकतो. त्याच स्थितीत 'क' ऐवजी 'ख' ने १ मागितला तर मात्र नकार. 'ख' ला १ दिल्यास शिल्लक १ उरते. 'ग' आपले काम संपवून सर्व रक्कम परत करतो तेव्हा शिल्लक ३ होते. 'क' ला ४ हवे आहेत आणि 'ख' ला ६. दोघेही अडतात.

मागणी एकच आणि तिजोरीही तीच. 'क' ला मिळाले, 'ख' ला नाही. 'ख' चा दोष एवढाच की त्याची गरज मोठी आहे आणि ती त्याने प्रामाणिकपणे सांगितली. त्याने ९ ऐवजी ६ जाहीर केले असते तर हीच मागणी मंजूर झाली असती. गणिताच्या दृष्टीने यात काहीही चूक नाही. पेढीवाल्याने कोंडी टाळण्याचे वचन दिले होते; समान वागणुकीचे नव्हे. परंतु हे वचन आणि ते वचन वेगवेगळे आहेत, हे विद्यार्थ्याला सांगितले जात नाही. कोष्टक सोडवून तो 'सुरक्षित क्रम' लिहितो, त्यास गुण मिळतात आणि 'ख' चे काय झाले हे उत्तरपत्रिकेबाहेर राहते.

डेडलॉकच्या चार अटी कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ मध्ये ज्या शोधनिबंधात एकत्र मांडल्या, तो आजही वाचनीय आहे. त्यांवर येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही.

प्रत्यक्षातील पेढी

आता पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून प्रत्यक्षाकडे वळू. सर्वसाधारण वापराच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पेढीवाल्याची ही रीत सहसा वापरली जात नाही, कारण आपली कमाल गरज आधी सांगू शकणारे प्रोग्रॅम विरळा. टॅनेनबॉम हे मोकळेपणाने मान्य करतात आणि कोंडीकडे काणाडोळा करण्याच्या प्रचलित धोरणास शहामृगाचे नाव देतात. हा त्यांचा प्रामाणिकपणा स्वागतार्ह आहे. पण ते इथेच थांबतात, हे खटकते. कारण प्रत्यक्षातील पेढी नुसती काणाडोळा करीत नाही. ती नेमकी उलट्या तत्त्वावर चालते.

लिनक्सचे मेमरी-वाटप पाहावे. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की कर्नल बहुधा होकार देतो, मग तेवढी मेमरी प्रत्यक्षात असो वा नसो. मागितलेली सर्व मेमरी प्रोग्रॅम क्वचितच वापरतात, हा त्यामागील हिशेब. यास 'ओव्हरकमिट' म्हणतात. थोडक्यात, ही भांडवलापेक्षा अधिक कर्जे मंजूर करणारी पेढी आहे. सर्व ग्राहक एकदम दारात आले की तिच्यापुढे एकच मार्ग उरतो आणि तो फार कठोर आहे : एका ग्राहकाचा बळी देऊन त्याची मेमरी मोकळी करणे. हे काम करणाऱ्या भागाचे नावच 'आउट ऑफ मेमरी किलर' असे आहे.

बळी कोणाचा द्यावयाचा? येथे संगणकीय वाटपातील मूल्यनिर्णय उघड्यावर येतो, कारण तो आज्ञावलीत ओळीओळीने लिहावा लागतो. २०१० मधील फेररचनेपूर्वी लिनक्स कर्नल प्रत्येक प्रोसेसला वाईटपणाचे गुण देत असे. अधिक मेमरी वापरणाऱ्यास अधिक गुण. दीर्घ काळ चाललेल्यास सवलत. यंत्राच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या प्रोसेसचे गुण एक चतुर्थांश केले जात. त्या सहसा महत्त्वाच्या असतात, हे कारण. आणि ज्या प्रोसेसने स्वतःचे प्राधान्य आपणहून कमी करून घेतले असेल तिचे गुण दुप्पट केले जात; ती बहुधा कमी महत्त्वाची असावी, हे कारण.

या शेवटच्या नियमापाशी थोडे थांबणे अगत्याचे आहे. युनिक्सच्या परंपरेत प्राधान्य कमी करून घेण्याच्या आज्ञेचे नाव 'नाइस' आहे. वापरकर्ता सौजन्याने म्हणतो, 'माझे काम सवकाश चालू द्या, इतरांना पुढे जाऊ द्या.' प्राधान्य कमी करण्याची मुभा सर्वांस असते, वाढविण्याची मुभा मात्र सामान्य वापरकर्त्यास सहसा नसते. प्रोसेसरच्या रांगेत ज्याने सौजन्य दाखविले, त्याचीच मेमरीच्या संकटात प्रथम निवड होण्याचा संभव दुपटीने वाढत होता. कोणी दुष्टाव्याने हा नियम केला नव्हता. 'मी मागे थांबतो' आणि 'मी कमी महत्त्वाचा आहे' ही दोन विधाने एकच आहेत असे गृहीत धरले गेले, इतकेच. २०१० च्या फेररचनेत हा नियम वगळण्यात आला आणि निवड प्रामुख्याने प्रत्यक्ष मेमरी-वापरावर आणली गेली. पाठ्यपुस्तकांना शिकविण्यासारखा धडा येथे होता. बँकरच्या कोष्टकास जेवढी पृष्ठे दिली जातात त्यांपैकी दोन जरी या नियमास दिली, तरी वाटपाचे सूत्र आणि वाटपाचे मूल्य यांतील संबंध विद्यार्थ्यास दिसू शकेल.

जाता जाता आणखी एक. गूगलने २०१४ मध्ये खुल्या केलेल्या कुबरनेटीस या प्रणालीत अनेक यंत्रांवरील कामांचे नियोजन होते. तेथे ज्या कामांनी आपली मेमरी व प्रोसेसरची गरज आणि मर्यादा नेमकी जाहीर केली असेल ती सर्वाधिक सुरक्षित. ज्यांनी काहीच जाहीर केले नाही ती मेमरीच्या टंचाईत प्रथम बळी पडतात. डायक्स्ट्रांच्या पेढीत मोठी गरज सांगणारा थांबला; येथे काहीच न सांगणारा संपला.

'एक' कोण?

प्रोसेसरच्या वेळेचे वाटप हे प्रकरण पाठ्यपुस्तकांत सर्वाधिक व्यवस्थित असते. 'राउंड रॉबिन'मध्ये प्रत्येक प्रोसेसला समान वेळ मिळतो आणि म्हणून ती पद्धत न्याय्य, असे साधारणतः म्हटले जाते. समजा, एका यंत्रावर एका वापरकर्त्याची एक प्रोसेस चालू आहे आणि दुसऱ्याच्या नऊ. समान वाटपात पहिल्यास दहा टक्के वेळ मिळेल, दुसऱ्यास नव्वद. प्रोसेस-प्रोसेसमध्ये पूर्ण समता आहे. माणसामाणसांत नाही.

सिडनी विद्यापीठातील जूडी के आणि पियर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये 'फेअर शेअर शेड्यूलर' मांडला तो नेमका या प्रश्नावर. त्यांनी वाटपाचे एकक प्रोसेसवरून वापरकर्त्यावर आणले. वापरकर्त्याने पूर्वी किती वापर केला याची नोंद ठेवली. ती नोंद काळाबरोबर क्षीण होत जाईल अशी व्यवस्था केली. कालचा अतिवापर आज थोडा मोजला जातो, महिन्यापूर्वीचा जवळजवळ नाही. चंडी-मिश्रांच्या उष्ट्या काट्याचे हे एक प्रगल्भ रूप आहे असे म्हणता येईल. विद्यापीठाचे सामायिक यंत्र, त्यावर विद्यार्थी आणि प्राध्यापक, आणि प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्रीची गर्दी हे दृश्य कोणत्याही महाविद्यालयास अपरिचित नाही.

तरीही प्रश्न संपत नाही. एखाद्या वर्गातील तीस विद्यार्थ्यांना मिळून एकच खाते असेल, तर तो एक वापरकर्ता की तीस? लिनक्समध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये इंगो मोलनार यांचा 'कम्प्लीटली फेअर शेड्यूलर' दाखल झाला, तेव्हा त्याच्या नावातच संपूर्ण न्यायाचा दावा होता. प्रत्येक प्रोसेसने आजवर किती भारित वेळ घेतला याचा हिशेब ठेवून सर्वांत मागे राहिलेलीस पुढे आणणे, ही त्याची कल्पना सुबक होती. परंतु त्याचे एकक प्रोसेस हेच होते. काही महिन्यांतच, जानेवारी २००८ च्या आवृत्तीत, प्रोसेसचे गट करून गटागटांत वाटप करण्याची सोय आली. २०११ मध्ये प्रत्येक सत्राचा आपोआप गट करण्याची सोय झाली, जेणेकरून एका खिडकीत चौसष्ट उपप्रक्रियांनी चाललेले संकलन दुसऱ्या खिडकीतील एकट्या कामास गिळणार नाही. हे सारे बदल 'संपूर्ण न्याय' या नावाखालीच झाले. न्यायाचे सूत्र तेच राहिले. बदलले ते त्यातील 'एक'. पुढे २०१६ मधील एका शोधनिबंधाने दाखविले की, याच शेड्यूलरमध्ये काही प्रोसेसर रिकामे असताना अन्यत्र तयार कामे रांगेत थांबत होती. २०२३ मध्ये त्याची जागा १९९५ सालच्या एका शैक्षणिक संकल्पनेवर आधारित शेड्यूलरने घेतली. या नव्या नावात न्यायाचा उल्लेख नाही. पात्रता आणि मुदत यांचा आहे. प्रस्तुत लेखकास हे अधिक प्रामाणिक वाटते.

प्राधान्याविषयीही असेच म्हणता येईल. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानावरील संगणक पुन्हा पुन्हा आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. कमी प्राधान्याच्या हवामानविषयक कामाने एक सामायिक संसाधन धरून ठेवले होते, उच्च प्राधान्याचे काम त्यासाठी थांबले होते आणि मध्यम प्राधान्याची कामे मधल्या मध्ये चालत राहिल्याने खालच्या कामास ते संसाधन सोडावयास वेळच मिळत नव्हता. पृथ्वीवरून सूचना पाठवून 'प्राधान्याचा वारसा' चालू करण्यात आला : वरचे काम ज्याच्यासाठी थांबले आहे त्यास तेवढ्यापुरते वरचे प्राधान्य द्यावयाचे. ही कथा सांगताना सर्वांचे लक्ष मंगळाकडे जाते. वस्तुतः तिचा आशय असा की, प्राधान्य हा एकट्या प्रोसेसचा गुण नसून कोण कोणावर अवलंबून आहे यातून ते ठरते.

खोटी गरज

पाठ्यपुस्तकी प्रोसेस कधी खोटे बोलत नाही. प्रत्यक्षात मागणी करणारा माणूस असतो आणि त्यास नियम कळतात. घोडसी, झहारिया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या 'डॉमिनंट रिसोर्स फेअरनेस' या पद्धतीने, खोटी गरज सांगून कोणाचाही लाभ होऊ नये, ही अट न्यायाच्या व्याख्येतच घातली. त्या शोधनिबंधात एका सर्च कंपनीचा दाखला आहे. यंत्रांचा भरपूर वापर दाखविणाऱ्यांनाच तेथे स्वतंत्र यंत्रे मिळत. तेव्हा वापरकर्त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये निष्फळ फिरणारी आवर्तने पेरली. यंत्रे दिवसरात्र कामात दिसत, आणि वाटप नियमानुसार होई.

अमर्त्य सेन यांनी 'द आयडिया ऑफ जस्टिस' (२००९) मध्ये एका बासरीवर हक्क सांगणाऱ्या तीन मुलांचे उदाहरण दिले आहे : एकास ती वाजविता येते, एकाकडे दुसरे खेळणे नाही, एकाने ती स्वतः घडविली आहे. तिघांचेही म्हणणे सयुक्तिक आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गात हे उदाहरण आणण्यात काही गैर नाही. शेड्यूलर उपयुक्तता पाहतो, गरज पाहतो की हक्क पाहतो, हे प्रत्येक पद्धतीबाबत विचारता येते, आणि उत्तर सहसा आज्ञावलीतच सापडते.

परीक्षेत बँकरचे कोष्टक येतच राहणार. त्याखाली दोन गुणांचा एक उपप्रश्न वाढविता येईल : 'ख' ने ९ ऐवजी ६ ही गरज जाहीर केली असती तर त्यास तो १ मिळाला असता काय, आणि सातवा मागावयास गेल्यावर पेढीवाल्याने काय उत्तर दिले असते?